दोन शहरांमधलं हवाई अंतर आणि विमानाचा वेळ: हिशेब स्वतः कसा करायचा

‘मुंबई ते लंडन विमानाने किती वेळ’ असं इंटरनेटवर शोधलं की एक आकडा मिळतो. तिकिटावर वेगळाच असतो, आणि फ्लाइटरडार२४ या विमानांचा माग दाखवणाऱ्या साइटवर मागच्या आठवड्यातल्या फेऱ्या पाहिल्या तर रोज निराळा. यात खोटं कोणीच सांगत नाही. पहिला आकडा बहुतेक वेळा अंतराला ठरावीक वेगाने भागून काढलेला असतो, दुसऱ्यात विमानतळावर रांगेत जाणारा वेळ धरलेला असतो, तिसऱ्यात त्या दिवशीचा वारा असतो. हिशेबाचे टप्पे कळले की कागद आणि फोनमधला कॅल्क्युलेटर एवढ्यावर बऱ्यापैकी नेमकं उत्तर काढता येतं. इथे दोन जोड्या घेतल्या आहेत: मुंबई–नागपूर, कारण ती सोपी आहे, आणि मुंबई–लंडन, कारण तिच्यात सगळी गुंतागुंत एकदम भेटते.

आधी विमानतळ ठरवा

अंतर सांगणाऱ्या बऱ्याच साइट शहराच्या मध्यापासून मोजतात. विमान मात्र विमानतळावरून उडतं. एका शहराला दोन विमानतळ असले की फरक आणखी वाढतो. गोव्याचंच बघा. मुंबईहून दाबोळी सुमारे ४२५ किमी, तर जानेवारी २०२३ पासून सुरू झालेला मोपा त्याहून साधारण ४० किमी अलीकडे. मुंबईलाही आता सांताक्रूझ-सहारच्या जोडीला नवी मुंबईचा विमानतळ आहे, आणि लंडनला तर हीथ्रो, गॅटविक, स्टॅन्स्टेड, ल्यूटन, सिटी, साउथएंड असे सहा. तिकिटावरचा तीन अक्षरी कोड बघा आणि त्याच विमानतळाचे अक्षांश-रेखांश घ्या. आपल्या उदाहरणांसाठी हे पुरतील:

मुंबई (बीओएम): १९.०९ उत्तर, ७२.८७ पूर्व
नागपूर (एनएजी): २१.०९ उत्तर, ७९.०५ पूर्व
लंडन हीथ्रो (एलएचआर): ५१.४७ उत्तर, ०.४५ पश्चिम

हे आकडे दशांशात आहेत, अंश-मिनिटांत नाहीत. हीथ्रोचं अक्षांश अंश-मिनिटांत ५१ अंश २८ मिनिटं असं लिहितात. मिनिटांना ६० ने भागायचं असतं, म्हणून ते ५१.४७ होतं. घाईत ५१.२८ लिहिलं तर तिथेच २१ किमीची चूक झाली.

दुसरी चूक याहून महागात पडते. पश्चिम रेखांशाला उणे चिन्ह लावायचं असतं. न्यूयॉर्कच्या जेएफके विमानतळाचं रेखांश ७३.७८ पश्चिम आहे. उणे विसरलात तर तुमचं न्यूयॉर्क किर्गिझस्तानात, ओश शहराच्या पूर्वेला डोंगरात जाऊन बसतं आणि मुंबईपासूनचं अंतर साडेबारा हजार किलोमीटरऐवजी चोवीसशे येतं. आकडा इतका विचित्र आला की चूक लगेच पकडता येते. लंडनच्या बाबतीत मात्र उणे विसरल्याने जेमतेम ६० किमीचा फरक पडतो, आणि तो कोणाच्या लक्षातही येत नाही.

जवळच्या शहरांसाठी पायथागोरस पुरे

दीड हजार किलोमीटरच्या आत जमीन सपाट धरली तरी चालतं. अक्षांशाचा एक अंश म्हणजे १११.२ किमी. रेखांशाचा अंश मात्र विषुववृत्तापासून दूर जावं तसा आखडत जातो, म्हणून त्याला दोन्ही ठिकाणांच्या सरासरी अक्षांशाच्या कॉसने (कॅल्क्युलेटरवरचं कोसाइनचं बटण) गुणायचं.

मुंबई–नागपूर: अक्षांशाचा फरक २.००, म्हणजे २२२ किमी. रेखांशाचा फरक ६.१८, सरासरी अक्षांश २०.०९ आणि त्याचा कॉस ०.९३९, ६.१८ × १११.२ × ०.९३९ = ६४५ किमी. दोन्हींच्या वर्गांची बेरीज करून वर्गमूळ काढलं की ६८३ किमी.

ही सरळ रेषा झाली. समृद्धी महामार्गाची लांबी ७०१ किमी आहे, आणि तीही मुंबईच्या बाहेर, भिवंडीजवळच्या आमणेपासून. रस्ता हवाई अंतराच्या इतका जवळ जाणं आपल्याकडे दुर्मीळ आहे. एरवी हवाई अंतराला १.२ ते १.३ ने गुणलं की रस्त्याचा अंदाज येतो. मुंबई–दिल्ली विमानतळांमधली सरळ रेषा ११३८ किमीची, तर रेल्वेने जवळपास १३८५. कोकणाला हा ठोकताळा लावू नका. घाट आणि खाड्या तो मोडीत काढतात.

लांबच्या शहरांसाठी गोलावरचा कंस

लंडनला हीच सपाट पद्धत लावली तर उत्तर ७५६७ किमी येतं. खरं अंतर त्याहून साडेतीनशे किलोमीटरने कमी आहे. एवढ्या लांबीवर पृथ्वीचा गोलपणा सोडून चालत नाही. मग हे सूत्र वापरायचं:

कॉस(कोन) = साइन(अक्षांश १) × साइन(अक्षांश २) + कॉस(अक्षांश १) × कॉस(अक्षांश २) × कॉस(रेखांशांमधला फरक)

रेखांशांमधला फरक ७२.८७ वजा (उणे ०.४५), म्हणजे ७३.३२.

०.३२७०५ × ०.७८२२८ = ०.२५५८५
०.९४५०१ × ०.६२२९३ × ०.२८७०३ = ०.१६८९६
बेरीज ०.४२४८१

या बेरजेचा उलटा कॉस घेतला की ६४.८६ अंश. त्याला १११.१९ ने गुणा: ७२१२ किमी.

यात तीन ठिकाणी गडबड होते. एक, कॅल्क्युलेटर अंशांऐवजी रेडियनवर (कोन मोजण्याचं दुसरं एकक) असतो. मग उत्तर काहीच्या काही येतं. एक्सेल किंवा गूगल शीट्समध्ये तर साइन-कॉस कायम रेडियनच मागतात, त्यामुळे प्रत्येक कोन आधी रेडियनमध्ये बदलून घ्यावा लागतो. दोन, मधले आकडे तीन दशांशांवर तोडले तर लहान अंतरांवर मोठी चूक होते: नागपूरला हेच सूत्र लावून बेरीज ०.९९४२७ ऐवजी ०.९९४ धरली की ६८३ चे ६९८ होतात. पाच-सहा दशांश ठेवा. तीन, पृथ्वी पूर्ण गोल नाही, ध्रुवांकडे किंचित चपटी आहे. त्याने जास्तीत जास्त अर्ध्या टक्क्याचा फरक पडतो, लंडनसाठी दोन-तीन मिनिटांचा. तो सोडून द्या.

गणित नकोच असेल तर संगणकावर गूगल मॅप्समध्ये पहिल्या जागेवर राइट क्लिक करून ‘अंतर मोजा’ निवडा आणि दुसऱ्या जागेवर क्लिक करा. तेही गोलावरचंच अंतर देतं. रेषा वाकडी दिसली तर घाबरू नका. सपाट नकाशावर पट्टी ठेवून काढलेली मुंबई–लंडन रेषा दक्षिण इराणवरून जाते आणि ती ७४०० किमीच्या वर भरते. खरी जवळची वाट कराचीच्या अंगाने निघते, झाहेदानजवळ इराणमध्ये शिरते, निम्म्या अंतरावर आर्मेनिया-जॉर्जियाच्या सीमेपाशी पोचते आणि पुढे काळा समुद्र व युक्रेन ओलांडते.

परदेशी तक्त्यांमध्ये अंतर नॉटिकल मैलांत असतं. एक नॉटिकल मैल म्हणजे १.८५२ किमी, साधा मैल १.६०९. एअरलाइनच्या पॉइंट-योजनांमधले ‘माइल्स’ साधे मैल असतात, वैमानिक बोलतात ते नॉटिकल. दोन्हींची सरमिसळ झाली की पंधरा टक्क्यांची चूक होते.

ती वाट मोकळी आहे का?

इथे इंटरनेटवरचे कॅल्क्युलेटर हमखास फसतात. वरची सगळी नावं पुन्हा वाचा. पाकिस्तानने एप्रिल २०२५ मध्ये भारतीय विमान कंपन्यांना आपलं आकाश बंद केलं आणि पुढे महिन्या-महिन्याने ती मुदत वाढवत नेली. युक्रेनचं आकाश फेब्रुवारी २०२२ पासून नागरी विमानांसाठी बंद आहे. इराण आणि इराकचं तणावाच्या दिवसांत काही तासांच्या सूचनेवर बंद होतं. म्हणजे ७२१२ किमीची ती सुबक रेषा भारतीय कंपनीच्या कामाचीच नाही. विमान अरबी समुद्रावरून आखाताकडे वळतं आणि तिथून तुर्कस्तान, बाल्कन देश असं युरोपात शिरतं.

वळसा किती धरायचा? देशांतर्गत उड्डाणाला ५ ते ७ टक्के, कारण विमानं ठरलेल्या हवाई मार्गांनी जातात आणि संरक्षण दलांचे राखीव पट्टे टाळतात. शिवाय धावपट्टीची दिशा असते. मुंबईत बहुतेकदा विमान पश्चिमेला, समुद्राकडे उडतं. नागपूरला जायचं असलं तरी आधी जुहूच्या पुढे पाण्यावर जाऊन मगच पूर्वेला वळतं. छोट्या उड्डाणात हे वीस-तीस किलोमीटर चांगलेच जाणवतात. आंतरराष्ट्रीय मार्गाला वाट मोकळी असेल तर ३-४ टक्के, वळसा असेल तर नेमका आकडा फ्लाइटरडार२४ किंवा फ्लाइटअवेअरवर त्याच फ्लाइट क्रमांकाचा कालचा मार्ग उघडून बघा. आपल्या हिशेबासाठी ६ टक्के धरू: नागपूर ७२४ किमी, लंडन ७६४५ किमी.

कधी हा वळसा केवळ वेळेचा राहत नाही. २०१९ मध्ये पाकिस्तानचं आकाश बंद होतं तेव्हा इंडिगोच्या दिल्ली–इस्तंबूल विमानाला इंधनासाठी दोह्याला उतरावं लागत होतं. लहान विमानाने लांबचा पल्ला गाठणारी उड्डाणं अशा वेळी पहिल्यांदा अडकतात.

वेग आणि वारा

जेट विमानाचा वेग ध्वनीच्या वेगाच्या पटीत ठरतो. साधारण ३६ हजार फुटांवर, उणे ५६ अंश तापमानात ध्वनीचा वेग ताशी १०६२ किमी असतो. एअरबस ए३२० किंवा बोइंग ७३७ त्याच्या ०.७८ पटीने जातं, म्हणजे ताशी ८३० किमीच्या आसपास. बोइंग ७८७ ०.८५ पटीने, म्हणजे ताशी ९०३ किमी. कोल्हापूर-जळगावसारख्या विमानतळांवर येणारं एटीआर ७२ पंख्याचं असतं; त्याला ताशी ५०० किमीच धरा. विमान कोणतं आहे हे तिकीट काढताना लिहिलेलं असतं. तिकडे न बघता सगळ्यांना ८०० ने भागणं ही सर्रास होणारी चूक आहे.

हे वेग हवेतले आहेत, आणि हवा स्वतः हलत असते. डिसेंबर ते मार्च या काळात उत्तर भारत, इराण, तुर्कस्तान या पट्ट्यावर पश्चिमेकडून पूर्वेकडे जेट प्रवाह, म्हणजे उंचावरच्या वेगवान वाऱ्याचा पट्टा, वाहतो. त्याच्या गाभ्यात ताशी दीडशे-दोनशे किलोमीटर वेग ही नेहमीची बाब आहे. पूर्ण मार्गभर विमान गाभ्यात नसतं, वारा नेमका समोरूनही नसतो, म्हणून सरासरी काढावी लागते: हिवाळ्यात लंडनला जाताना ताशी ६० ते ८० किमी वजा करा, येताना ५० ते ७० मिळवा. उन्हाळ्यात हा प्रवाह हिमालयाच्या उत्तरेला सरकतो; तेव्हा २०-३० पुरे.

जाताना जेवढं गेलं तेवढं येताना परत मिळत नाही, हे लक्षात ठेवा. ७५०० किमीला ताशी ८०० ने ९ तास २२ मिनिटं लागतात, ९०० ने ८ तास २० मिनिटं, १००० ने साडेसात तास. समोरच्या वाऱ्याने ६२ मिनिटं खाल्ली, पाठीमागच्याने ५०च परत दिली. विमान उलट्या वाऱ्यात जास्त वेळ अडकून राहतं, म्हणून असं होतं.

वाऱ्यापुढे अंतर कसं हरतं याचं आपल्याकडचं ठळक उदाहरण एअर इंडियाच्या दिल्ली–सॅन फ्रान्सिस्को उड्डाणाचं. ऑक्टोबर २०१६ मध्ये कंपनीने अटलांटिकवरचा सुमारे १३,९०० किमीचा मार्ग सोडून पॅसिफिकवरचा १५,३०० किमीचा धरला. वाट चौदाशे किलोमीटरने लांबली, पण वारा पाठीशी आल्याने प्रवास साडेचौदा तासांवर येऊन आधीपेक्षा कमी झाला.

जमिनीवरची मिनिटं

तिकिटावरचा वेळ हा विमान गेटवरून मागे ढकललं जातं तिथपासून दुसऱ्या गेटवर चाकांना अडसर लागेपर्यंतचा असतो. कंपन्यांच्या भाषेत ब्लॉक टाइम. हवेतल्या वेळात हे मिळवायचं:

चढण्या-उतरण्यासाठी १२ ते १५ मिनिटं. दहा हजार फुटांखाली वेगाची मर्यादा २५० नॉट, म्हणजे ताशी ४६३ किमी असते, त्यामुळे पूर्ण अंतर ८३० च्या वेगाने कापलं जातच नाही.

सुटताना टॅक्सी, म्हणजे गेट ते धावपट्टी विमानाचं जमिनीवरून जाणं: मुंबईला २० मिनिटं, गर्दीच्या वेळी ३० च्या वर, नागपूरसारख्या ठिकाणी ८-१०. मुंबईच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, एका वेळी एकच वापरता येते. सगळी रांग तिथून सुरू होते.

उतरल्यावर टॅक्सी: छोट्या विमानतळावर ५, मोठ्यावर १०.

मुंबई–नागपूर: ७२४ भागिले ८३० म्हणजे ५२ मिनिटं; त्यात १४, २० आणि ५ मिळवा. १ तास ३१ मिनिटं. वेळापत्रकात साधारण दीड तासच दिसेल. परतीला मुंबईवर घिरट्या घालाव्या लागू शकतात, म्हणून कंपन्या थोडा जास्त वेळ छापतात. अशी गादी भरलेली असल्यामुळेच अर्धा तास उशिरा सुटलेलं विमान कधीकधी वेळेवर पोचतं.

मुंबई–लंडन, ७८७, जानेवारी: ९०३ वजा ७० म्हणजे ८३३. ७६४५ भागिले ८३३ = ९ तास ११ मिनिटं. चढ-उतार आणि दोन्ही टॅक्सी मिळून ४५ मिनिटं. एकूण ९ तास ५६. परतीला ९०३ अधिक ६०, म्हणजे ९६३ च्या वेगाने ७ तास ५६ अधिक ४५, म्हणजे ८ तास ४१. हीथ्रोला उतरण्याआधी विमानं चार ठरलेल्या जागी एकावर एक थरांत फिरत थांबतात. त्यासाठी जाण्याच्या प्रवासात आणखी १० मिनिटं हाताशी ठेवा.

घड्याळं जुळवा

तिकिटावर दोन्ही वेळा त्या-त्या गावच्या असतात. त्यांची सरळ वजाबाकी करू नका, आधी दोन्ही भारतीय वेळेत आणा. लंडन हिवाळ्यात आपल्या ५ तास ३० मिनिटं मागे असतं. मार्चच्या शेवटच्या रविवारपासून ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारपर्यंत ४ तास ३० मिनिटं.

समजा जुलैत मुंबईहून १३:३० ला सुटून लंडनला १८:३० ला पोचतं. १८:३० अधिक ४:३० म्हणजे २३:००. प्रवास साडेनऊ तासांचा. हिवाळ्याचा फरक लावलात तर साडेदहा येतील आणि विमान उगाच संथ वाटेल. परतीचं डिसेंबरमधलं उदाहरण: लंडन २०:३० म्हणजे आपल्याकडे रात्रीचे २:००, तारीख दुसऱ्या दिवसाची. मुंबईत १०:४५ ला उतरलं, तर ८ तास ४५ मिनिटं. तिकिटावरच्या ‘+१’ कडे नीट बघा, घ्यायला येणाऱ्याला चुकीची तारीख जाते ती इथेच.

अमेरिकेत घड्याळं मार्चच्या दुसऱ्या रविवारी पुढे जातात आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी मागे येतात. त्यामुळे लंडनमार्गे न्यूयॉर्कला जाणाऱ्यांसाठी मार्चमध्ये दोन-तीन आठवडे असे असतात की न्यूयॉर्कचं घड्याळ बदललेलं असतं आणि लंडनचं नाही. दुबई वर्षभर दीड तास मागे, तिथे ही भानगड नाही. नेपाळ पंधरा मिनिटं पुढे आहे, तेवढं विसरू नका.

ताळा

काढलेलं उत्तर त्याच फ्लाइट क्रमांकाच्या गेल्या आठ-दहा फेऱ्यांशी ताडून पाहा. ट्रॅकर सहसा उड्डाण ते लँडिंग इतकाच वेळ दाखवतो, ब्लॉक टाइम नाही. म्हणजे टॅक्सीची २५-३० मिनिटं त्यात नाहीत. फरक पाव तासाच्या आत असेल तर हिशेब बरोबर आहे. जास्त असेल तर आधी विमानाचा प्रकार तपासा, मग मार्ग, मग वारा, याच क्रमाने. पुढचं विमान पकडायचं असेल तर त्या फेऱ्यांची सरासरी घेऊ नका. सगळ्यात उशिराची एक फेरी सोडा आणि तिच्या अलीकडची धरा. त्यावर इमिग्रेशन, सामान आणि टर्मिनल बदलण्याचा वेळ चढवा. आणि देशांतर्गत जोडविमान असेल तर त्याचं गेट सुटण्याच्या वीस-पंचवीस मिनिटं आधीच बंद होतं, तेवढी मिनिटं शेवटी कापून घ्या.